शार्त्रचा चक्रव्यूह: 'आठशे वर्षांची साधना' आणि कागदपत्रांची साक्ष

१/ फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या फरशीत दगडांचा एक विशाल चक्रव्यूह बसवलेला आहे. जगभरातून येणारी माणसे त्यावरून संथ पावलांनी, मौन पाळून चालतात. जेरुसलेमची यात्रा ज्यांना अशक्य होती असे मध्ययुगीन यात्रेकरू याच वाटेवरून गुडघे टेकत जात आणि ही साधना तेव्हापासून चालत आली आहे, असे त्यांना बहुधा सांगितले जाते. चक्रव्यूह खरोखरच आठशे वर्षांचा आहे. साधनेचे वय मात्र निराळे निघते. ते कसे ठरवतात, हे पाहण्यासाठी आजचा हा धागा.

२/ आरंभी शब्दांचा उलगडा करून घेऊ. लखनौच्या बड्या इमामबाड्यातील भूलभुलैयात वाटांना फाटे फुटतात, काही वाटा भिंतीशी जाऊन संपतात, माणूस हरवतो. इंग्रजीत त्याला 'मेझ' म्हणतात. 'लॅबिरिंथ' या आकृतीत मात्र वाट एकच असते. ती कितीही वळली तरी फाटा नसतो, म्हणून चुकण्याची सोय नसते. चालत राहिले की केंद्र येतेच. भारतीय अभ्यासक या दुसऱ्या आकृतीला 'चक्रव्यूह' म्हणतात. या धाग्यात तोच अर्थ घ्यावा.

३/ शार्त्रची आकृती १३ व्या शतकाच्या आरंभीची. व्यास सुमारे १२.९ मीटर, वेढे अकरा, वाटेची लांबी सुमारे २६१ मीटर. म्हणजे केंद्र प्रवेशापासून साडेसहा मीटरांवर दिसत असते आणि तिथे पोहोचायला पाव किलोमीटरहून अधिक चालावे लागते. रचनेची गंमत अशी की, आत शिरल्यावर लवकरच आपण सर्वांत आतल्या वेढ्यात, केंद्राच्या अगदी कडेला येतो आणि तिथून पुन्हा दूर जातो. उलट शेवट जवळ आला असताना आपण सर्वांत बाहेरच्या वेढ्यात असतो. तिथून काही वळणांत अचानक केंद्र लागते.

४/ आकृती मात्र ख्रिस्ती धर्माहून कितीतरी जुनी आहे. ग्रीसमधील पायलोस येथे मातीची एक लहान पाटी सापडली. एका बाजूला राजवाड्याचा हिशोब, दुसऱ्या बाजूला कोणीतरी कोरलेला चौकोनी चक्रव्यूह. इ. स. पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला, त्या आगीत पाटी भाजली गेली आणि म्हणून टिकली. पुढे क्रीट बेटावरील नॉसस नगराने आपल्या नाण्यांवर हेच चिन्ह घेतले. पायलोसच्या त्या लेखनिकाने ते कशासाठी काढले असेल? पाटीवर त्याबद्दल एक अक्षर नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. आकृती आपला हेतू सांगत नाही, हा अनुभव पुढेही येणार आहे.

५/ क्रीटची कथा प्रसिद्ध आहे. राजा मिनोससाठी डेडलस नावाच्या कारागिराने एक दुर्गम वास्तू रचली, तिच्यात वृषभमुखी मिनोटॉरला कोंडले; थीसियसने आत जाऊन त्याला मारले आणि अरिआडनीने दिलेल्या सुताच्या धाग्याच्या आधारे तो बाहेर आला. येथे एक कोडे आहे. एकाच वाटेच्या चक्रव्यूहात धाग्याची गरजच काय? कथेतील वास्तू भूलभुलैया आहे आणि नाण्यांवर बहुतांश आकृती एकवाटेची आहे. प्राचीन लोकांना ही विसंगती खटकलेली दिसत नाही. पुढची दोन हजार वर्षे कथा आणि आकृती अशा जोडीनेच प्रवास करत राहिल्या.

६/ रोमन काळात चक्रव्यूह फरशीवर आला, मोझेकच्या रूपाने. मध्यभागी थीसियस आणि मिनोटॉर, चहूबाजूंना अनेकदा नगराचा तट आणि वेशी. पण यांतील बहुतेक आकृतींतील वाट इतकी अरुंद असते की तिच्यावर पाऊल मावणार नाही. ती पाहण्याची वस्तू होती. तेव्हा एखादा चक्रव्यूह जमिनीवर आहे, एवढ्यावरून तो चालण्यासाठीच होता असे म्हणता येत नाही.

७/ ख्रिस्ती धर्माने तो उचलला तो रोमन वारशातून. अल्जीरियातील आजच्या श्लेफ नगरात इ. स. ३२४ मध्ये पाया घातल्या गेलेल्या बॅसिलिकेत एक मोझेक चक्रव्यूह होता. त्याच्या केंद्रात मिनोटॉरच्या जागी अक्षरांचा चौकोन आहे आणि त्यातून 'पवित्र चर्च' अशा अर्थाचे लॅटिन शब्द वाचता येतात. ९ व्या शतकापासून मठांतील हस्तलिखितांत चक्रव्यूह दिसू लागतात, पुष्कळदा ईस्टरची तिथी काढण्याच्या कोष्टकांच्या सोबतीने. अकरा वेढ्यांची रचना याच हस्तलिखितांत आकाराला आली. म्हणजे शार्त्रची वाट दगडात येण्यापूर्वी शतकानुशतके शाईत होती.

८/ इटलीतील लुक्का येथील कॅथेड्रलच्या दर्शनी ओवरीत एका खांबावर हाताएवढ्या उंचीवर एक लहान चक्रव्यूह कोरलेला आहे. शेजारच्या लॅटिन लेखात तो डेडलसने रचलेला क्रीटचा चक्रव्यूह असल्याचे म्हटले आहे. मध्यभागी एके काळी थीसियस-मिनोटॉर होते. पिढ्यान्पिढ्या लोकांनी वाटेवरून बोट फिरवले आणि त्या आकृती झिजून गेल्या. पायांनी चालण्याचा पुरावा आपण शोधतो आहोत. बोटांनी चालल्याचा पुरावा दगडानेच जपला आहे.

९/ आता उत्तर फ्रान्सकडे. ११९४ च्या आगीनंतर शार्त्रचे कॅथेड्रल नव्याने उभे राहिले आणि त्याच बांधकामात हा चक्रव्यूह आला. आमियाँच्या कॅथेड्रलमध्ये १२८८ मध्ये अष्टकोनी चक्रव्यूह बसवला गेला. त्याच्या मध्यशिलेवर बिशपसोबत तीन वास्तुकारांची नावे आहेत: रोबेर द लुझार्श, तोमा द कॉर्मोंत आणि त्याचा मुलगा रनो. तेथील लेख या आकृतीला 'डेडलसचे घर' म्हणतो. रँसच्या चक्रव्यूहाच्या चार कोपऱ्यांतही चार वास्तुकार होते. यावरून एक हेतू निश्चित दिसतो: महान कारागिराच्या परंपरेत बांधणाऱ्यांनी आपली सही ठेवली.

१०/ शार्त्रच्या केंद्रात पूर्वी धातूचा पत्रा होता. जुन्या वर्णनांनुसार त्यावर थीसियस आणि मिनोटॉर होते. चर्चच्या मध्यभागी ग्रीक दंतकथा कशी, असे आज वाटेल. तत्कालीन भाविकाला तसे वाटण्याचे कारण नव्हते. मध्ययुगीन भाष्यकार थीसियसमध्ये ख्रिस्त पाहत. मृत्यूनंतर नरकात उतरून सैतानाला हरवून परतणारा ख्रिस्त आणि चक्रव्यूहात उतरून राक्षसाला मारून परतणारा वीर, असे हे रूपक. ईस्टरच्या कोष्टकांशेजारी चक्रव्यूह का, याचेही उत्तर या रूपकात मिळते. ईस्टर हा त्या परतण्याचाच उत्सव.

११/ मग चक्रव्यूहावर मध्ययुगात प्रत्यक्ष काय घडत असे? याविषयी एका ठिकाणचे खणखणीत दस्तऐवज आहेत: ओसेर. १३९६ च्या ठरावात एका ईस्टर-विधीची व्यवस्था आहे. नव्याने नेमला गेलेला पुरोहित एक चेंडू आणून देई. प्रमुख पुरोहित तो हाती घेऊन ईस्टरच्या स्तोत्राच्या तालावर नाचू लागे. बाकीचे हात धरून चक्रव्यूहाभोवती फेर धरत आणि प्रमुख एकेकाकडे चेंडू टाकी, तो परत येई. त्यानंतर सर्वांना भोजन.

१२/ १४७१ मध्ये एक नवा पुरोहित चेंडू न आणताच आला आणि त्यावरून वाद पेटला. अखेर १५३८ मध्ये हा प्रकार बंद करण्यात आला. वाद झाला म्हणून कागद झाले आणि कागद झाले म्हणून आपल्याला आज हे ठाऊक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तंटेबखेडे प्रिय असतात ते उगीच नव्हे. पण ओसेरचे चित्र पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. त्यात एकांत, मौन, आत्मशोध यांपैकी काय आहे? सामूहिक नृत्य आहे, गाणे आहे, खेळ आहे, मेजवानी आहे. पुनरुत्थानाचा आनंद तिथे साजरा होत होता.

१३/ आता जेरुसलेमच्या यात्रेविषयी. 'जेरुसलेमची वाट' आणि 'कोस' ही नावे फ्रान्समध्ये चक्रव्यूहांना होती, हे खरे. परंतु ती आपल्याला भेटतात ती मुख्यतः १७ व्या आणि १८ व्या शतकांतील लेखनात, म्हणजे बांधकामानंतर चारशे-पाचशे वर्षांनी. १३ व्या शतकातील कोणत्याही ज्ञात कागदात यात्रेकरूंनी चक्रव्यूह चालून यात्रेचे पुण्य मिळवल्याची नोंद नाही. तसे पुण्य देणारा धर्माज्ञेचा कागदही उपलब्ध नाही.

१४/ कागदच कमी आहेत, असे कोणी म्हणेल. शार्त्रबाबत ते पुरेसे उत्तर ठरत नाही. शार्त्र हे नामांकित यात्रास्थान होते. मेरीचे मानले जाणारे वस्त्र तेथे आहे. ११९४ च्या आगीतून ते वाचले, याचा केवढा गाजावाजा झाला. तेथील चमत्कारकथांचे संकलन १३ व्या शतकातच झाले. यात्रेकरू कशासाठी येत, काय अर्पण करत, याविषयी इतके लिहिले गेले. जेरुसलेमला पर्याय ठरणारा एवढा मोठा विधी खरोखर रूढ असता, तर त्याविषयी कोणीच न लिहावे हे नवल होते.

१५/ तरीही तोल सांभाळायला हवा. नोंद नाही म्हणजे कोणी कधी चाललेच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. शार्त्रच्या वाटेची रुंदी पाऊल सहज मावेल एवढी आहे, आणि समोर वाट दिसली की माणसाचे पाय थांबत नाहीत. एखाद्या वृद्धेने मनोमन जेरुसलेम आठवत ती वाट चालली असेलही. नाकारायचे आहे ते एवढेच की, हा चर्चचा मान्य, सार्वत्रिक विधी होता. शक्यता आणि पुरावा यांतील हे अंतर राखणे हाच आपल्या विषयाचा पहिला धडा.

१६/ पुढे काय झाले ते पाहिले तर हा संशय बळावतो. ओसेरचा चक्रव्यूह १६९० मध्ये गेला. रँसचा १७७९ च्या सुमारास खुद्द तेथील धर्माधिकाऱ्यांनी उखडला. उपासना चालू असताना मुले त्यावर धावत, गोंगाट करत, असे कारण दिले जाते. आमियाँचा १८२० च्या दशकात निघाला. शार्त्रची फरशी वाचली, पण १७९२ मध्ये राज्यक्रांतीच्या युद्धकाळात मधला पत्रा वितळवण्यासाठी काढला गेला. रिव्हेटांच्या खुणा अजून दिसतात. जिवंत यात्रामार्ग समजली जाणारी वस्तू पुरोहितांनी मुलांच्या दंग्यापायी मोडली असती का?

१७/ रँसची ती आकृती आज वेगळ्याच रूपात जिवंत आहे. फ्रान्समध्ये संरक्षित ऐतिहासिक वास्तूंवर जे बोधचिन्ह लावतात, ते याच नष्ट झालेल्या चक्रव्यूहावर बेतलेले आहे. १९ व्या शतकात मध्ययुगाचे नवे आकर्षण निर्माण झाले. आमियाँची फरशी शतकाअखेरीस पुन्हा घातली गेली. इंग्लंडमध्ये १८५८ साली एडवर्ड ट्रोलोप यांनी चक्रव्यूहांवर निबंध लिहिला आणि यात्रेची उपपत्ती इंग्रजी वाचकांत रुजली. १९२२ मध्ये डब्ल्यू. एच. मॅथ्यूज यांनी या विषयावर विस्तृत ग्रंथ सिद्ध करताना तिच्याकडे सावधपणे पाहिले. पण आकर्षक उपपत्ती शंकांहून वेगाने फिरते.

१८/ ध्यानसाधना म्हणून चक्रव्यूह चालण्याच्या आजच्या प्रथेला मात्र नाव आणि तारीख आहे. लॉरेन आर्ट्रेस या सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधील एपिस्कोपल धर्मगुरू. १९९१ मध्ये त्या शार्त्रला गेल्या. चक्रव्यूह खुर्च्यांखाली झाकलेला होता. सोबत्यांसह त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या आणि ती वाट चालल्या. परतल्यावर त्यांनी शार्त्रची आकृती कॅनव्हासवर रंगवून घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस ती ग्रेस कॅथेड्रलमध्ये लोकांसाठी अंथरली. १९९५ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि पाहता पाहता चळवळ उभी राहिली.

१९/ आर्ट्रेस यांनी चालण्याला तीन टप्प्यांची मांडणी दिली. आत जाताना सोडायचे: मनातील ओझे, घाई, काळजी. केंद्रात थांबून स्वीकारायचे: जे उमटेल ते. बाहेर येताना परतायचे: मिळालेले घेऊन जगाकडे. ही मांडणी ख्रिस्ती गूढवादातील शुद्धी, प्रकाश आणि ऐक्य या जुन्या त्रिविध मार्गाशी जोडलेली आहे. म्हणजे विचार जुना, आकृती जुनी. त्या दोहोंची अशी सांगड मात्र २० व्या शतकाच्या अखेरीची.

२०/ आज चर्चबरोबरच रुग्णालये, विद्यापीठे, तुरुंग, सार्वजनिक बागा अशा ठिकाणी हे चक्रव्यूह आढळतात. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी 'जागतिक चक्रव्यूह दिन' पाळतात आणि लोक आपापल्या स्थानिक वेळेनुसार दुपारी एक वाजता चालतात. शार्त्रमध्येही आता ठरावीक काळात शुक्रवारी खुर्च्या हटवून वाट मोकळी केली जाते. आकर्षणाचे कारण समजण्यासारखे आहे. वाट एकच असल्याने निर्णय घ्यावा लागत नाही, वळणांमुळे गती आपोआप मंदावते, समोरून परतणाऱ्याला वाट द्यावी लागते. शरीर गुंतलेले राहते आणि मन हळूहळू निवळते.

२१/ मग ही साधना खोटी म्हणायची का? मुळीच नाही. एखादी गोष्ट केव्हा सुरू झाली आणि ती किती मोलाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रुग्णालयाच्या आवारात चक्रव्यूह चालून कोणाला धीर येत असेल, तर तो धीर आजचा आहे आणि खरा आहे. त्याला १३ व्या शतकाचे प्रमाणपत्र लागत नाही. उलट खोटे वय चिकटवले की दोन्हीकडे अन्याय होतो: आजच्या लोकांनी जे नवे घडवले त्याचे श्रेय जाते आणि ओसेरचा तो नाचता-गाता ईस्टर विस्मरणात ढकलला जातो.

२२/ ही शिस्त आपल्या घरीही लागू होते, कारण चक्रव्यूहाची ही आकृती भारतातही आहे. हळेबीडच्या १२ व्या शतकातील होयसळेश्वर मंदिराच्या शिल्पपट्टात महाभारत युद्धातील चक्रव्यूह कोरलेला आहे. इथे तो सैन्यरचना आहे, अभिमन्यूचा मृत्यू आहे. लोकाचारात हीच आकृती सुलभ प्रसूतीसाठी गर्भवतीला दाखवण्याचा प्रघात नोंदवला गेला आहे. आत अडकलेल्याने वाट काढून सुखरूप बाहेर यावे, असा भाव. एका ठिकाणी न सापडणारी वाट, दुसऱ्या ठिकाणी सापडावी म्हणून प्रार्थना. आकृती तीच.

२३/ दक्षिण गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथील जांभ्या खडकावरील कोरीव चित्रांत चक्रव्यूहाची आकृती आहे. सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेला, सुमारे ५० फूट व्यासाचा, पंधरा वेढ्यांचा चक्रव्यूह अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रकाशात आणला. सातवाहन काळातील रोमन व्यापाराशी त्याचा संबंध असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. बातमी पसरताच 'आपले पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी चालत ध्यान करत' असे म्हणण्याचा मोह होतो. शार्त्र आपल्याला येथेच सावध करते. मांडलेला दगड वय सांगू शकतो. चालणाऱ्याच्या मनात काय होते, हे सांगायला दुसरा पुरावा लागतो.

२४/ मित्रहो, शेवटी एक विनंती. शार्त्रचा चक्रव्यूह फरशीत जडलेला होता म्हणून क्रांतीतूनही वाचला. माळरानावर सुटे मांडलेले दगड एका नांगरटीत, एका मुरूम-उपशात नाहीसे होतात. आपल्या गावाच्या शिवारात अशी आकृती दिसली तर दगड हलवू नका, चुना-रंग लावून ती 'उठावदार' करू नका. छायाचित्र घ्या, नेमके ठिकाण टिपून ठेवा, पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना कळवा. आणि गावातील वृद्धांना विचारा: याला इथे काय म्हणतात, लहानपणी इथे काय करत असत? त्यांचे उत्तर, तारखेसह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. शार्त्रमध्ये १३ व्या शतकात हे कोणी केले नाही, म्हणून आज आपण अंदाज बांधत बसलो आहोत.

धागा समाप्त.